डिस्क मुरली की हात मुरला?

दिवाळीत आतेभाऊ डॅलसहून आला. परत जाताना चिवडा-चकली भरून न्यायला तो दरवर्षी मोठे रिकामे डबे आणतो. या वेळी त्यातल्या एका डब्यात माझ्या डिस्क गोल्फच्या (गोल्फसारखाच खेळ, फक्त चेंडूऐवजी ताटलीसारखी डिस्क फेकत बास्केटपर्यंत पोचवायची) तीन डिस्क होत्या: डीएक्स व्हॅल्किरी १६८ ग्रॅम, स्टार व्हॅल्किरी १७० ग्रॅम आणि चॅम्पियन फायरबर्ड १७१ ग्रॅम. तिन्ही इनोव्हा कंपनीच्या, तिन्हींचा वेग नऊ. व्हॅल्किरी, फायरबर्ड ही साच्यांची नावं; डीएक्स, स्टार, चॅम्पियन ही प्लॅस्टिकची. आठ महिन्यांनंतर स्टार अजून जवळपास नवीच आहे, फायरबर्डला काडीचा फरक पडलेला नाही आणि डीएक्स म्हातारी होऊन बेपत्ता आहे. मधल्या काळातली ही नोंद.

आधी निवडीबद्दल, कारण तिथेच मी दोन वर्षं चुकत होतो. मी अल्टिमेट (डिस्क फेकत-झेलत खेळायचा सांघिक खेळ) खेळून इकडे आलो. १७५ ग्रॅमची मोठी डिस्क फेकायची सवय असल्यामुळे हातात जोर आहे असं वाटायचं. म्हणून सुरुवातीलाच बाराच्या वेगाची डिस्क मागवली. ती चाळीस मीटर सरळ जायची आणि मग डावीकडे खाली बसायची. वेगाचा आकडा म्हणजे डिस्क आपल्याला देईल तो वेग, असं मी समजत होतो. तो खरं तर आपण तिला द्यायचा वेग आहे. आपण कमी पडलो तर ती डिस्क उडण्याआधीच फेड होऊ लागते, म्हणजे डावीकडे पडू लागते. (मी उजव्या हातानं बॅकहँड फेकतो. खालचं सगळं डावं-उजवं त्याच हिशेबानं आहे, डावखुऱ्यांनी उलटं वाचावं.)

ड्रायव्हर म्हणजे लांब फेकायच्या डिस्क. त्यातले कंट्रोल ड्रायव्हर म्हणजे साधारण नऊ-दहा वेगाच्या डिस्क. फेअरवे ड्रायव्हर आणि लांब पल्ल्याचे रुंद कडेचे ड्रायव्हर यांच्या मधला हा वर्ग. कुंपण काही पक्कं नाही, प्रत्येक कंपनी आपापली रेघ ओढते. गंमत अशी की २००२ साली ख्रिश्चन सँडस्ट्रॉमनं २५० मीटरचा जागतिक विक्रम केला तो व्हॅल्किरीनंच. त्या काळची लांब पल्ल्याची डिस्क आज आपण 'कंट्रोल'मध्ये मोजतो. ज्यांना नऊचा वेग कमीपणाचा वाटतो त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

व्हॅल्किरीचे आकडे ९, ४, उणे २, २. फायरबर्डचे ९, ३, ०, ४. पहिला आकडा वेग, दुसरा म्हणजे ती हवेत किती तरंगत राहील, तिसरा म्हणजे जोरात असताना ती उजवीकडे किती वळेल आणि चौथा म्हणजे दमल्यावर डावीकडे किती पडेल. पण माझ्यासारख्या साठ-सत्तर मीटरवाल्या हाताला तिसरा आकडा ऐकूच येत नाही, चौथा मात्र ओरडून बोलतो. म्हणून हल्ली कुणी विचारलं तर मी सांगतो, आधी चौथा आकडा बघ. तो एक किंवा दोन असेल तरच पुढे विचार कर. मग मी फायरबर्ड का घेतली? एक तर वाऱ्यासाठी. दुसरं कारण मोजमापाचं, त्याकडे येतो.

हातात डिस्क घेऊन बघायला मिळाली तर अजून एक गोष्ट बघा. सपाट टेबलावर ठेवून डोळा तिच्या कडेच्या पातळीला आणा. साच्याच्या दोन भागांच्या जोडाची रेघ दिसते. ती जितकी वर, तितकी डिस्क हट्टी, डावीकडे ओढणारी. एकाच नावाच्या दोन डिस्कमध्येही इथे फरक असतो. भावाला मी व्हिडिओ कॉलवर दुकानातल्या पाच व्हॅल्किरी ओळीनं टेबलावर मांडायला लावल्या. दुकानदारानं काय विचार केला असेल देव जाणे. भावानं आपला विचार मात्र मला स्पष्ट शब्दांत सांगितला.

आता मुरवण्याबद्दल, म्हणजे वापरून-आपटून डिस्कचा हट्ट कमी करण्याबद्दल.

पुण्याजवळ डोणज्याच्या बाजूला मित्राच्या काकांची भातखाचरं आहेत. कापणी झाली की नोव्हेंबरअखेरपासून पावसाळ्यापर्यंत ती मोकळी असतात. कडेला आंबा, करंज, बांधावर काळा दगड. बास्केट नाही, झाडांनाच नंबर दिले आहेत. बास्केट येण्याआधी अमेरिकेतही लोक झाडांना आणि खांबांनाच मारायचे, त्यामुळे आम्ही परंपरेत बसतो. एका लांब खाचरात दोरी लावून फक्कीची सरळ रेघ मारली. दर रविवारी त्या रेघेवरून प्रत्येक डिस्क दहा वेळा फेकायची आणि ती रेघेपासून किती मीटर डावी-उजवी पडली ते टेपनं मोजून वहीत लिहायचं.

नोव्हेंबरअखेरची सरासरी अशी होती: डीएक्स ९ मीटर डावीकडे, स्टार ११, फायरबर्ड १६. अंतर सगळ्यांचं साठ-बासष्ट मीटर.

जानेवारीत डीएक्स ४ मीटर डावीकडे. मी खूश. मित्राला म्हणालो, बघ, दोन महिन्यांत मुरली. तो वही चाळत म्हणाला, "अरे, पण फायरबर्डही तेरावर आलीय की. तीही मुरली का?"

चॅम्पियन प्लॅस्टिकची फायरबर्ड दोन महिन्यांत मुरत नसते. म्हणजे त्यातले तीन मीटर माझे होते. डिसेंबरभर मी एकाच गोष्टीवर काम केलं होतं: फेकताना डिस्कचं नाक वर उचललं जायचं, ते खाली ठेवायचं. नाक वर असलं की कुठलीही डिस्क हवेत ब्रेक मारते आणि लवकर डावीकडे पडते. ते सुधारलं आणि श्रेय मी डीएक्सला देत होतो.

पण फायरबर्डची मोजपट्टी पुरी खरी नाही, हेही नंतर लक्षात आलं. हाताचा वेग वाढला की उणे दोनवाली डिस्क शून्यवालीपेक्षा जास्त बदलणार. म्हणजे फायरबर्ड तीन मीटर सरकली म्हणून व्हॅल्किरीही तीनच सरकेल असं नाही. खरी तुलना डीएक्सची स्टारशी. साचा एक, प्लॅस्टिक वेगळं. मार्चअखेर वही अशी होती: फायरबर्ड १२ डावीकडे, स्टार ६ डावीकडे, डीएक्स २ मीटर उजवीकडे. अंतर अठ्ठ्याहत्तर मीटरपर्यंत. स्टार पाच मीटर सरकली, डीएक्स अकरा. स्टार जवळजवळ जशीच्या तशी आहे असं धरलं तर डीएक्सचं मुरणं सहा मीटरच्या आसपास, बाकी हात.

डिस्क मुरते म्हणजे काय होतं, हे भोवरा आठवला की पटतं. फिरत्या भोवऱ्याला एका बाजूनं ढकललं तर तो त्या बाजूला न कलता काटकोनात कलतो. आपली डिस्क वरून पाहिलं तर घड्याळाच्या दिशेनं फिरते. जोरात असताना हवेची उचल मध्यबिंदूच्या मागे लागते, नाक खाली दाबलं जातं आणि डिस्क उजवीकडे कलते. वेग उतरला की उचल पुढे सरकते, नाक वर ढकललं जातं आणि ती डावीकडे कलते. आपटून आपटून कड बोथट झाली, जोडाची रेघ थोडी खाली बसली, की उजवं कलणं वाढतं आणि डावं कमी होतं. डीएक्स मऊ, त्यात हे भराभर होतं. स्टार आणि चॅम्पियन वर्षानुवर्षं टिकतात.

पण आपटायचं कशावर? मला या आठ महिन्यांतलं सगळ्यात महत्त्वाचं शिक्षण इथे मिळालं. आपल्याकडचा बांध म्हणजे खडबडीत काळा दगड. फेब्रुवारीत डीएक्स जमिनीवर घसरत जाऊन बांधावर आदळली आणि कडेचा टवका उडाला. टवक्याशेजारी प्लॅस्टिकचं धारदार कुसळ उभं राहिलं. पुढच्या फेकीला माझं बोट कापलं आणि डिस्क थरथरत, शिट्टी वाजवत गेली. याला मुरणं म्हणत नाहीत. झाडाच्या बुंध्यावर आपटली की कड दबते, गोल होते आणि सगळीकडून सारखी होत जाते. गवत-माती हळूहळू पृष्ठभाग घासते. दगड मात्र एकाच जागी चावा घेतो. तेव्हापासून बांधाच्या बाजूला मी फक्त फायरबर्ड फेकतो आणि डीएक्ससाठी करंजाचा बुंधा राखून ठेवला.

काका रोज हे बघत. एकदा म्हणाले, "ताटली फुटेल ना हो अशानं."

"फुटत नाही काका, मुरते."

"मग बरणीत घाला."

टवक्याचं कुसळ बारीक पॉलिश पेपरनं हलक्या हातानं घासून काढलं. यावर आमच्यात वाद झाला. मित्राचं म्हणणं, घासायचंच तर पूर्ण कड डांबरी रस्त्यावर फिरवून एका संध्याकाळी मुरवून टाकू. नवी बॅट आपण लाकडी हातोडीनं ठोकतोच ना? मला दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे हातोडी चेंडूचंच काम आधी करून ठेवते. रस्ता झाडाचं काम करत नाही, तो दगडाचंच करतो. दुसरी म्हणजे पीडीजीएचा, म्हणजे डिस्क गोल्फच्या संघटनेचा, नियम. खेळताना झालेली झीज चालते, ओरखडे आणि साच्यातले दोष गुळगुळीत करण्यापुरतं माफक घासणं चालतं, पण उडणं बदलावं म्हणून डिस्कमध्ये केलेला बदल चालत नाही. आमच्या आंब्याखाली कोणी पंच बसलेला नसतो हे खरं. पण तिघंच खेळणार आणि त्यातही रस्त्यावर पिकवलेली डिस्क? कार्बाइडचा आंबा खाल्ल्यासारखं ते. मित्रानं त्याची जुनी डिस्क रस्त्यावर घासलीच. दोन रविवार ती प्रत्येक फेकीला वेगळ्या दिशेला गेली, आता ती त्याच्या कुत्र्याकडे आहे.

मधे दोन उपप्रकरणं झाली. जानेवारीच्या शेवटी दिवेआगरला गेलो तेव्हा स्टार बरोबर नेली. सकाळी वारा पडलेला असताना किनाऱ्यावर दहा फेकी केल्या. इथे आठ मीटर डावीकडे पडणारी डिस्क तिथे पाचावर आली. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, म्हणजे आपली हवा किनाऱ्यापेक्षा साधारण पाच-सहा टक्के विरळ. विरळ हवेत डिस्क वळायला नाखूश असते, जास्त हट्टी वाटते. दहा फेकींवरून सिद्धांत मांडत नाही. पण किनाऱ्यावरच्या माणसाचा सल्ला पुण्यात जसाच्या तसा लागू होईलच असं नाही, एवढं खरं.

दुसरं प्रकरण पूर्ण माझ्या मूर्खपणाचं. एप्रिलमध्ये दुपारी स्कूटरच्या डिकीत डीएक्स ठेवली, वर जेवणाचा डबा. तीन तासांनी ती भाजलेल्या पापडासारखी वाकडी. गरम पाण्यात बुडवून मऊ केली, पाटावर सपाट ठेवून वर पाट्याचं वजन दिलं, रात्रभरात बरीचशी सरळ झाली. मात्र त्यानंतरच्या दोन रविवारांच्या नोंदींवर मी फुली मारली आहे.

मेपर्यंत डीएक्स ७ मीटर उजवीकडे जाऊ लागली आणि फार उपयोगी झाली. तिसऱ्या आंब्याला वळसा घालून करंजापाशी पोचायचं तर ती हलकी डावीकडे कलती सोडायची. ती हवेत सरळ होते, मग उजवीकडे वळते आणि तशीच बसते. नव्या डिस्कनं ही फेक माझ्या हाताला अजून पाच वर्षं जमली नसती. सरळ फेकीला स्टार, वळणाला डीएक्स. एकाच साच्याच्या वेगवेगळ्या वयाच्या डिस्क बाळगायच्या या पद्धतीचा फायदा असा की हातातली पकड बदलत नाही. बोटांना कड ओळखीची असते, फक्त स्वभाव वेगळा.

मग जून आला आणि पश्चिमेचा वारा सुटला. समोरून वारा म्हणजे डिस्कच्या दृष्टीनं वाढलेला वेग. डीएक्स हातातून सुटली की पंधरा मीटरवर उलटी होऊन जमिनीवर चाकासारखी पळायची. स्टार, जी शांत हवेत पाच-सहा मीटर डावीकडे, ती अशा वाऱ्यात चक्क सरळ. फायरबर्ड इतके दिवस मोजपट्टी म्हणून पिशवीत होती, ती आता मुख्य झाली. ओल्या हातांसाठी दोन पंचे लागतात. एक डिस्कला, एक हाताला. एकच पंचा नेला तर दहा मिनिटांत चिखल इकडून तिकडे फिरवत बसतो.

खाचरात आता लावणी झाली आहे, म्हणून आम्ही वरच्या माळावर फेकतो. गेल्या रविवारी पाठीमागून वारा आहे असं समजून डीएक्स सोडली. वारा तोवर फिरला होता. ती उजवीकडे वळली, वळतच राहिली आणि माळाच्या कडेवरून खाली भातात गेली. नारिंगी रंग क्षणभर दिसला, मग नाही. लावलेल्या भातात पाय घालायचा प्रश्नच नव्हता. काका बांधावर उभे होते. म्हणाले, "कापणीला सापडेल. नाही तर नांगराला."

भावाला अजून दोन डीएक्स सांगितल्या आहेत, दोन्ही गुलाबी. पहिलीच्या पोटावर मार्करनं 'दोन' लिहिणार. 'एक' भातात आहे.