शोमरोनच्या खळ्यातली दोन सिंहासने

बायबलमधल्या इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकातला अठरावा अध्याय मी पुष्कळदा वाचला आहे आणि दरवेळी पहिल्याच वचनापाशी थांबलो आहे. यहूदाचा राजा यहोशाफाट याला विपुल धन आणि मान मिळाला होता, असे ते वचन सांगते आणि त्याच ओघात सांगते की त्याने इस्राएलाचा राजा अहाब याच्याशी सोयरीक केली. ज्याला कशाचीही उणीव नव्हती, ज्याच्यासोबत परमेश्वर होता असे आधीच्याच अध्यायात स्पष्ट लिहिले आहे, त्या राजाला अहाबाची राणी ईजबेल हिच्या घरातली सून का हवी झाली असावी, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही.

यहोशाफाट खरोखरच चांगला राजा होता. कारकिर्दीच्या तिसऱ्या वर्षी त्याने पाच सरदार, नऊ लेवी (मंदिराच्या सेवेतले लोक) आणि दोन याजक अशी सोळा माणसे नियमशास्त्राचा ग्रंथ बरोबर देऊन यहूदाच्या नगरोनगरी लोकांना शिकवायला पाठवली. राजाची माणसे गावात आली म्हणजे कर मागायला किंवा सैन्यात भरती करायला आली, असेच ज्या काळी लोकांना वाटत असणार, त्या काळी ही माणसे वचन समजावून सांगायला आली, याचे मला फार अप्रूप वाटते. आजूबाजूच्या राज्यांवर परमेश्वराचा धाक बसला. पलिष्टी नजराणे घेऊन आले आणि अरबांनी ७,७०० मेंढे व ७,७०० बोकड आणून दिले.

अहाबाविषयी फार सांगायला नको. आपली राजधानी शोमरोन येथे बआल या परक्या देवाचे मंदिर त्याने बांधले आणि नाबोथ या प्रजाजनाचा द्राक्षमळा कसा बळकावला गेला हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु केवळ राजकारणाच्या नजरेने पाहिले तर ही सोयरीक वेडेपणाची नव्हती, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. शलमोनानंतर राज्य दुभंगले तेव्हापासून उत्तरेचे इस्राएल आणि दक्षिणेचे यहूदा ही दोन्ही भावंडे एकमेकांशी लढत आली होती, आणि अहाब काही लहानसहान राजा नव्हता. इ. स. पू. ८५३ मध्ये कर्कर येथे झालेल्या लढाईच्या अश्शूरी शिलालेखात अहाबाचे २,००० रथ आणि १०,००० सैनिक नोंदलेले आहेत. अशा शेजाऱ्याच्या मुलीशी, अथल्येशी, आपल्या थोरल्या मुलाचे लग्न लावले की उत्तरेची सीमा शांत होईल, असा हिशेब कोणत्याही मुत्सद्द्याने केला असता.

काही वर्षांनी यहोशाफाट शोमरोनास गेला. अहाबाने त्याच्यासाठी आणि त्याच्या लोकांसाठी पुष्कळ मेंढरे व बैल कापले आणि मग रामोथ-गिलादचा विषय काढला. यार्देनेच्या पूर्वेचे हे नगर अरामाच्या, म्हणजे शेजारच्या सीरियाच्या, राजाच्या ताब्यात होते. पंगतीत जेवलेल्या, व्याह्याच्या मिठाला जागू पाहणाऱ्या त्या भल्या माणसाच्या तोंडून शब्द निघून गेला : जसा तू तसा मी, माझे लोक ते तुझेच लोक. भीड ही भिकेची बहीण असे आपण म्हणतो. इथे एका राजाच्या भिडेपायी सबंध यहूदाचे सैन्य दुसऱ्याच्या लढाईत गेले. हे बोलून झाल्यावर त्याला आठवले की परमेश्वराला विचारायचे राहिले आहे.

माझ्या मते सगळी गोम या क्रमात आहे. मीही एकदा ओळखीच्या माणसाला भागीदारीचा शब्द आधी दिला आणि प्रार्थनेला नंतर बसलो. त्या प्रार्थनेत मी मार्ग विचारत नव्हतो, झालेल्या ठरावावर परमेश्वराची संमती मागत होतो, हे मला पुष्कळ उशिरा कळले. यहोशाफाटाच्या मनात कपट नव्हते, परंतु उत्तर प्रतिकूल आले तर माघार घ्यायला त्याने स्वतःला जागाच ठेवली नव्हती.

शोमरोनच्या वेशीजवळच्या खळ्यात दोन सिंहासने मांडली गेली. दोन्ही राजे राजवस्त्रे घालून बसले आणि समोर ४०० संदेष्टे एका सुरात विजय सांगू लागले. कनानाचा मुलगा सिदकीया याने तर लोखंडाची शिंगे करून आणली होती. यांनी तू अरामी लोकांना हुंदाडशील, असे तो अहाबाला सांगत होता. इतके सगळे एकमुखाने बोलत असतानाही यहोशाफाटाचे मन मानेना. परमेश्वराचा आणखी कोणी संदेष्टा इथे नाही काय, असे त्याने विचारले होते. खरे आणि खोटे ओळखणारा कान त्याच्याकडे होता, म्हणूनच पुढचे वाचवत नाही. एक आहे, पण मी त्याचा द्वेष करतो, कारण तो माझ्याविषयी कधी चांगले बोलत नाही, असे अहाबाने सांगितले. यावर यहोशाफाट एवढेच म्हणाला, राजाने असे बोलू नये.

मग इम्लाचा मुलगा मीखाया आला. सर्व इस्राएल मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखा डोंगरांवर पांगलेला मी पाहिला, असे त्याने सांगितले, तेव्हा सिदकीयाने पुढे होऊन त्याच्या गालावर चपराक मारली. अहाबाने त्याला तुरुंगात टाकायला आणि मी सुखरूप परत येईपर्यंत क्लेशाची भाकर व क्लेशाचे पाणी द्यायला फर्मावले. या सबंध प्रसंगात यहोशाफाटाचा एकही शब्द शास्त्रात नाही. ज्याच्या आग्रहामुळे मीखायाला बोलावणे गेले, तो शेजारच्या सिंहासनावर बसून होता. चपराकीचा आवाज त्याच्या कानावर नक्कीच पडला असेल. तो उठला नाही, आणि पुढचे वचन सांगते की दोघे राजे रामोथ-गिलादवर चालून गेले.

रणांगणावर अहाबाने वेष बदलला आणि व्याह्याला मात्र राजवस्त्रे घालायला सांगितले. अरामाच्या राजाने आपल्या रथांच्या ३२ सरदारांना फक्त इस्राएलाच्या राजाशीच लढा असे बजावले होते, त्यामुळे ते सगळे यहोशाफाटावर धावून गेले. जसा तू तसा मी, हे वाक्य असे खरे ठरले. तो ओरडला, परमेश्वराने त्याला मदत केली आणि सरदार मागे फिरले. कोणा एकाने सहज सोडलेला बाण अहाबाच्या चिलखताच्या सांध्यात शिरला आणि सूर्यास्ताच्या वेळी तो मेला.

यरुशलेमेत परतताच हनानीचा मुलगा येहू द्रष्टा यहोशाफाटाला सामोरा गेला. दुष्टाला साहाय्य करावे आणि परमेश्वराच्या द्वेष्ट्यांवर प्रेम करावे काय, असे त्याने तोंडावर विचारले. तुझ्यात चांगल्या गोष्टीही आढळल्या आहेत, हेही सांगितले. याच येहूच्या बापाने, हनानीने, यहोशाफाटाच्या बापाला, आसाला, अरामाशी केलेल्या कराराबद्दल असेच सुनावले होते आणि आसाने चिडून त्याला बंदीत टाकले होते. मुलाने मात्र ऐकून घेतले. बैर-शेब्यापासून एफ्राइमाच्या डोंगराळ प्रदेशापर्यंत तो लोकांमध्ये हिंडला, त्याने नगरोनगरी न्यायाधीश नेमले. शत्रूंचा मोठा समुदाय चालून आला तेव्हा स्त्रिया व तान्ह्या मुलांसह जमलेल्या सर्व यहूदासमोर, परमेश्वराच्या मंदिराच्या अंगणात उभे राहून तो म्हणाला, काय करावे हे आम्हांला कळत नाही, पण आमचे डोळे तुझ्याकडे लागले आहेत. इतकी निर्मळ प्रार्थना शास्त्रात फार थोड्या राजांच्या तोंडी आहे.

तरीही ती गाठ सुटली नाही. अहाबाचा मुलगा अहज्या याच्याशी भागी करून त्याने एस्योन-गेबेर येथे जहाजे बांधली आणि ती फुटली. अहज्याने आपली माणसे जहाजांवर घेण्याची विनंती केली तेव्हा त्याने नकार दिला; अहाबाच्या घराला दिलेला एवढा एक नकार त्याच्या नावावर आहे. कारण पुढे अहाबाचा दुसरा मुलगा मवाबावर स्वारीसाठी मदत मागायला आला, तेव्हा राजांच्या दुसऱ्या पुस्तकात यहोशाफाटाचे उत्तर पुन्हा तेच आहे : जसा तू तसा मी, माझे लोक ते तुझेच लोक.

या सोयरिकीची खरी किंमत तो गेल्यावर चुकवली गेली. अथल्येचा नवरा यहोराम गादीवर स्थिर होताच त्याने आपल्या सहाही भावांना तलवारीने मारले. त्यांचा मुलगा अहज्या (मामाचेच नाव असलेला, पण यहूदाचा राजा) याने एकच वर्ष राज्य केले. रामोथ-गिलादलाच जखमी झालेल्या दुसऱ्या मामाला, अहाबाच्या त्याच दुसऱ्या मुलाला, भेटायला गेला असताना तो मारला गेला. मग अथल्येने यहूदाचा सगळा राजवंश संपवायला घेतला. त्यातून अहज्याचा तान्हा मुलगा योवाश तेवढा वाचला. आत्याने, म्हणजे यहोशाफाटाच्याच नातीने, त्याला मारल्या जाणाऱ्या राजपुत्रांतून चोरून काढले आणि दाईसह निजण्याच्या खोलीत लपवले. यहोशाफाटाचा आणि अहाबाचाही पणतू असलेला तो मुलगा पुढे सहा वर्षे परमेश्वराच्या मंदिरात दडून होता, आणि राज्य त्याची आजी चालवत होती.