‘गूळ’ लिहिताना

सहा वर्षं मी पॅकेजिंगचं डिझाइन करतेय, पण हाताने चित्र काढणं शाळेतल्या इंटरमिजिएटच्या परीक्षेनंतर सुटलं ते सुटलंच. सगळं काम माउसवर भागत होतं.

गेल्या वर्षी कोल्हापूरकडच्या एका गुऱ्हाळाचं लेबल आलं. लेबलवर एकच शब्द ठळक हवा होता: गूळ. मी वीसेक फॉन्ट लावून पाहिले. ‘ग’ जमला तर ‘ळ’ची दोन्ही पोटं चेपलेली. नोड, म्हणजे अक्षराच्या कडेवरचे बिंदू, ओढत बसले, तसा आकार आणखी बिघडला. मालक म्हणाले, “ताई, अक्षर चांगलं हाय, पण गुळाचं वाटंना.” मला ते पटलं.

मग बोरू, म्हणजे टोक तिरकं कापलेली लेखणी, आणि शाई आणली. बोरूचा तिरका काप एकाच कोनात धरायचा, मनगट वळवायचं नाही, हात सरकवायचा. पहिला आठवडा नुसत्या उभ्या-आडव्या रेघा आणि अर्धगोल. फार कंटाळा आला. पण तिसऱ्या आठवड्यात ‘ळ’ उलगडला. रेघ कुठे जाड, कुठे बारीक, हे मी ठरवतच नव्हते. दिशा बदलली की काप ठरवत होता. मी मात्र स्क्रीनवर ती जाडी अंदाजाने भरत होते! घरोघरच्या संगणकांवर पोचलेला ‘मंगल’ फॉन्ट करणारे र. कृ. जोशी मुळात सुलेखनकार का होते, ते तेव्हा समजलं.

सोबत रोज सकाळी वीस मिनिटं पुण्याच्या मंडईत पेन्सिल घेऊन बसायचे. १८८६ सालची ती इमारत, तिचा अष्टकोनी मनोरा सगळे काढतात. मी जवळच्या दुकानातली गुळाची ढेप काढली. कोल्हापूरकडे तिला रवा म्हणतात. साच्याकडची बाजू गुळगुळीत, फोडलेली बाजू खडबडीत, कणीदार. चार दिवस तीच ढेप काढल्यावर उत्तर समोर आलं: अक्षराची बाहेरची कड साच्यासारखी सफाईदार ठेवायची आणि शेवटचा फराटा शाई संपत आलेल्या बोरूने कोरडा ओढायचा.

चाळीसेक वेळा ‘गूळ’ लिहिला. त्यातला एकतिसावा स्कॅन केला, मोजके नोड ठेवून ट्रेस केला. संगणकावरचं काम अर्ध्या दिवसात उरकलं.

पोर्ट्रेट मला आजही येत नाही, आणि या कामाला ते लागतही नाही. नव्या मुलांना मी एवढंच सांगते की फाइल उघडण्याआधी दहा मिनिटं कागदावर काढा.

प्रूफ पाहून मालकांनी ‘ळ’वरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “हां, आता फोडल्यागत दिसतोय.”