बाळाचं डोकं एका बाजूनं चपटं होत असेल तर

दोन-तीन महिन्यांच्या लेकराला न्हाऊ घालताना डोकं मागून एका अंगाला बसल्यासारखं लागतं आणि घरात लगेच उपाय सुरू होतात. मोहरीची उशी शिवली जाते, नाहीतर जुन्या लुगड्याची चुंबळ डोक्याखाली येते, आणि तेल लावून डोकं दाबणं तर रोजचंच. हे सगळं थांबवा. वर्षाच्या आतल्या बाळाच्या डोक्याखाली काहीही नको. उशीमुळं हनुवटी छातीला टेकून श्वासाची वाट अडते, आणि तोंड कापडात गेलं तर ते बाजूला करायची ताकद बाळात नसते. दाबूनही आकार येत नाही. कवटीची हाडं कोवळी असतात, एकाच जागी तासन्‌तास भार पडला की चपटी होतात. भार हटला की वाढता मेंदूच त्यांना आतून गोलाई देतो.

पण भार हटवायचा म्हणून बाळाला पालथं किंवा कुशीवर झोपवू नका. झोपेत बाळ उताणंच हवं. अमेरिकेत 1994 मध्ये उताणं झोपवण्याची मोहीम सुरू झाली, तेव्हा झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण खूप घटलं आणि चपटी डोकी वाढली. पण डोक्याचा आकार सुधारता येतो.

बाळ सारखं कुठं बघतं, ते आधी पाहा. बाज भिंतीला लावलेली असेल तर ते मोकळ्या बाजूला, दाराच्या उजेडाकडं, आईकडं तोंड करतं. मग बाज हलवायची गरज नाही. डोकं पायथ्याकडं करा, म्हणजे तोच उजेड दुसऱ्या अंगाला येतो. खेळणंही चपट्या बाजूच्या विरुद्ध टांगा. झोळीत मात्र डोकं अडकून राहतं आणि हनुवटीही खाली जाते, तिथं झोपवू नका.

एवढं करूनही मान वळत नसेल, तर अडचण मानेत असते. हे फार घरांत नजरेतून सुटतं. बाळाला उताणं ठेवून खांदे अलगद धरा आणि दुसऱ्या कुणाला तरी खुळखुळा एका बाजूकडून दुसरीकडं हळूहळू न्यायला सांगा. हनुवटी दोन्हीकडं खांद्यापर्यंत यायला हवी. एका बाजूला मध्येच अडली, एका बाजूला पाजताना बाळ चिडलं किंवा मानेत बारीक गाठ लागली, तर स्नायू आखडलेला असू शकतो. तो ताणण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या आणि रोज करा, अंदाजानं मान ओढू नका. आशाताई 42व्या दिवसापर्यंत घरी येतात, तेव्हाच त्यांना हे सांगा.

जागेपणी पालथं ठेवणं पहिल्या आठवड्यापासून, आधी आईच्या छातीवर. मग जमिनीवर घट्ट घडीची वाकळ, छातीखाली टॉवेलची गुंडाळी, हात पुढं. दोन-तीन मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. दोन महिन्यांपर्यंत दिवसभराचं मिळून अर्धा तास व्हावा. पाजल्या-पाजल्या नको, उलटी होते. उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात सकाळी लवकर किंवा दिवेलागणीलाच जमतं. तेवढा वेळ कुणीतरी जवळ बसायचंच.

हे चार महिन्यांच्या आत सुरू झालं तर फरक लवकर पडतो. बाळ बसायला लागलं की भारही आपोआप कमी होतो. डोक्याला आकार देणाऱ्या खास हेल्मेटची घाई करू नका. ते दिवसाचे 23 तास घालावं लागतं, आणि आपल्याकडच्या उन्हात आत घामोळं येणारच. 2014 मध्ये नेदरलँड्समधल्या चाचणीत मध्यम ते जास्त चपटेपणाची बाळं हेल्मेटसह आणि हेल्मेटविना दोन वर्षांची झाली, तेव्हा दोन्ही गटांत सुधारणा जवळपास सारखीच निघाली.

दर पंधरा दिवसांनी केस ओले करून डोक्याचा वरून फोटो काढा. चपट्या बाजूचा कान आणि कपाळ पुढं सरकलेलं असेल, तर हा बहुतेक वेळा झोपण्याचाच परिणाम. तोच कान मागं ओढल्यासारखा दिसला, कवटीच्या हाडांच्या सांध्यावर उंचवटा हाताला लागला किंवा डोक्याचा घेर वाढेना, तर सांधे वेळेआधी जुळले असू शकतात आणि त्याला शस्त्रक्रिया लागू शकते. अशा वेळी थांबू नका. जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत (लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर तपासणारं केंद्र) किंवा संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयात बालरोग विभागात फोटो घेऊन जा.