बाबांचे शेवटचे दिवस आम्ही घरीच काढले, त्याबद्दल

बाबांना स्वादुपिंडाचा कॅन्सर होता, केमो झेपेना तेव्हा डॉक्टर म्हणाले आता पॅलिएटिव्हवाल्यांना, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणाऱ्यांना, भेटा. घरात सगळ्यांनी एकच अर्थ काढला, डॉक्टरांनी हात टेकले. खरंतर औषधं चालूच होती, फक्त आता ती दुखणं, मळमळ आणि झोप यांच्यासाठी होती.

दुखण्यावरच्या मॉर्फिनच्या गोळीचं नाव ऐकून आई घाबरली, सवय लागेल म्हणे. डॉक्टर मॅडमनी सांगितलं दर चार तासांनी घड्याळ लावून द्यायची, दुखायची वाट बघायची नाही, आणि सोबत पोट साफ व्हायचं औषध रोजच्या रोज कारण मॉर्फिनने बद्धकोष्ठता होतेच. ही गोळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. 2014 ला एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांचा कायदा बदलला आणि मान्यता असलेल्या हॉस्पिटलांना ती ठेवणं सोपं झालं, तरी ठेवणारे थोडेच, त्यामुळे शनिवार-रविवारचा हिशोब धरूनच आणायची. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह सेंटर आहे, 1997 पासून, पेशंटला मोफत. तिथे थोडे दिवस राहिलो, कूस कशी बदलायची, पाठीला जखम कशी होऊ द्यायची नाही हे आई तिथेच शिकली.

मग घरी आणलं आणि खरं भांडण सुरू झालं, जेवणावरून. बाबांनी खाणं जवळपास सोडलं होतं. आत्या आली आणि दारातच, "उपाशी मारताय का गं माझ्या दादाला? सलाईन तरी लावा!" भाऊ लगेच अँब्युलन्सला फोन करायला निघाला. घरी येणाऱ्या सिस्टरनी आत्याला शेजारी बसवून सांगितलं की शरीर बंद व्हायला लागलं की भूक लागतच नाही, खाणं थांबलं म्हणून माणूस जात नसतो, तो चाललाय म्हणून खाणं थांबतं. जबरदस्तीने भरवलं तर श्वासनलिकेत जाईल, आणि या स्टेजला सलाईनचं पाणी अंगात साठून सूज येते, छातीतली घरघर वाढते. आणि मग आत्याला कामच दिलं, दर थोड्या वेळाने तोंड ओल्या गॉझने पुसायचं, ओठांना तूप लावायचं. आत्याने डोकं चालवलं, बाबांच्या आवडीचं आमसुलाचं सार केलं, एकदम पातळ, आणि कापसाचा बोळा त्यात बुडवून जिभेवर टेकवला. बाबांनी ओठ चाटले. नंतर सलाईनचा स पण कोणी काढला नाही.

सिस्टरनी पुढचंही आधीच सांगून ठेवलं होतं, पाय गार पडतील, श्वास मध्येच थांबून परत सुरू होईल, घशात घरघर होईल, ती ऐकणाऱ्याला जेवढी भयंकर वाटते तेवढा त्रास पेशंटला होत नसतो, कुशीवर वळवा. तसंच झालं सगळं. धावपळ झाली नाही ती फक्त माहीत होतं म्हणून, नाहीतर आयसीयू ठरलेलं.

घरी माणूस गेला की मृत्यूचं कारण लिहून द्यायला डॉक्टर लागतो. फॅमिली डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा, रात्री दोनला कोणी अनोळखी डॉक्टर सही करत नाही आणि त्या कागदाशिवाय स्मशानात अडतं. नोंद 21 दिवसांच्या आत करायची, नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणे, आणि दाखल्याच्या कॉप्या भरपूर घ्या, बँक, एलआयसी, पेन्शन, सगळीकडे लागतात.

तेराव्यापर्यंत घर भरलेलं होतं, रडायलाही जागा नव्हती. नंतर मला चक्क सुटल्यासारखं वाटायचं आणि हे बोलणार कोणाशी? सेंटरच्या समुपदेशक ताईंचा फोन आला, त्यांनीच विचारलं, "हलकं वाटतंय का?" तेव्हा रडले, चांगलं तासभर.

आता आईने स्वतःहून लिव्हिंग विलचा, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवायचा, विषय काढलाय. सुप्रीम कोर्टाने 2018 ला मान्यता दिलीय आणि 2023 पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर एवढ्यावर होतं. तिच्या वतीने निर्णय घ्यायला माझंच नाव घालणार आहे. भावाचं नको म्हणे, तो आधी अँब्युलन्स बोलावेल.