कोबा येथील तीन दगडांची चूल

डिसेंबरच्या अखेरीस आम्ही ह्यूस्टनहून मेक्सिकोच्या कॅरिबियन किनाऱ्यावर, प्लाया देल कार्मेन येथे सहा दिवसांसाठी गेलो होतो. साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आलेली आई, पत्नी, तेरा वर्षांची मुलगी आणि मी असे चौघे होतो. बराचसा वेळ पोहण्यात, वाळूत पडून राहण्यात आणि हॉटेलच्या जेवणाच्या रांगांत गेला. समुद्र सुंदर होता, गर्दी असह्य होती, आणि त्याहून अधिक लिहिण्यासारखे त्या दिवसांत काही नाही.

तिसऱ्या दिवशी चिचेन इत्झा हे तिथल्या मूळच्या माया लोकांचे प्राचीन नगर पाहायला आम्ही एका सहलीच्या बसने निघालो. बसमधल्या मार्गदर्शकाने ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि पहिल्याच पाच मिनिटांत सांगून टाकले, की माया लोक इसवी सन ९०० च्या सुमारास गूढरीत्या नाहीसे झाले आणि ते कुठे गेले हे आजही कोणाला माहीत नाही. बस पुढे एका ठिकाणी थांबली, तेव्हा आमचा चालक खाली उतरून फळे विकणाऱ्या बाईशी बोलू लागला. ती भाषा स्पॅनिश नाही, हे शाळेत स्पॅनिश शिकणाऱ्या माझ्या मुलीने ताबडतोब ओळखले. तिने जाऊन विचारले. चालक म्हणाला, "माया." जे लोक नाहीसे झाल्याचे आम्हाला सांगितले जात होते, त्यांच्यातलाच एक माणूस ती बस चालवत होता. मला त्या वाक्याचा राग आला तो तेव्हापासून, आणि तो अजून गेलेला नाही.

नवव्या शतकात दक्षिणेकडील अरण्यातील मोठी नगरे ओस पडली, हे खरे आहे. परंतु उत्तरेकडे युकातान द्वीपकल्पात चिचेन इत्झा त्यानंतरही भरभराटीत होते आणि किनाऱ्यावरच्या तुलुम नगराच्या तटबंदीच्या आत तर १५१८ मध्ये स्पॅनिश जहाजे किनाऱ्याजवळून गेली तेव्हाही माणसे नांदत होती. गूढ म्हणावे असे यात काय आहे? १५६२ च्या जुलै महिन्यात मानी या गावी दिएगो दे लांदा या पाद्र्याने मायांच्या पोथ्या जाळल्या. झाडाच्या सालीच्या कागदावर लिहिलेल्या त्या वाङ्मयापैकी आज जगात चारच पोथ्या उरल्या आहेत. पोथ्या गेल्या, बोलणारी माणसे मात्र राहिली. मेक्सिकोच्या २०२० च्या जनगणनेत युकातानी माया भाषा बोलणाऱ्यांची संख्या पावणेआठ लाखांच्या आसपास नोंदली आहे.

चिचेन इत्झाविषयी इतकेच सांगतो, की प्रत्येक बाजूला ९१ याप्रमाणे चार बाजूंच्या ३६४ आणि माथ्यावरची एक अशा ३६५ पायऱ्यांचा तो पिरॅमिड पाहताना मन भरून यायला हवे होते, पण चारी बाजूंनी अंगावर येणारे विक्रेते आणि परतीच्या बसची घाई यांमुळे ते आले नाही. पिरॅमिडसमोर टाळी वाजवली की पायऱ्यांवरून पक्ष्याच्या चीत्कारासारखा प्रतिध्वनी येतो, तो मात्र आईने सहा वेळा टाळी वाजवून ऐकला. तुलुम दुसऱ्या दिवशी उन्हात तासाभरात उरकले.

पाचव्या दिवशी मी सहलीची बस नको म्हटले आणि गाडी भाड्याने घेऊन आम्ही कोबा येथे गेलो. किनाऱ्यापासून आत, तळ्यांच्या काठी वसलेले हे प्राचीन नगर अजून बरेचसे झाडीखाली आहे. अवशेष एकमेकांपासून इतके दूर आहेत, की लोक सायकली घेतात. आईसाठी आम्ही तीनचाकी सायकल केली. तिच्यात पुढे दोन माणसे बसतात आणि चालवणारा मागून पायडल मारतो. आपल्यासाठी कोणी घाम गाळतो आहे, याचा आईला सारखा संकोच वाटत होता. त्या चालवणाऱ्यानेच आम्हाला "बिश आ बेल" हे मायांचे क्षेमकुशल विचारणे शिकवले. त्याचा शब्दशः अर्थ "तुझी वाट कशी आहे?" असा होतो.

आणि वाट हाच कोबाचा खरा वैभवविशेष आहे. दगडगोट्यांचा भराव घालून, वर चुन्याचा पांढरा थर देऊन मायांनी उंच, सरळ रस्ते बांधले. त्यांना सकबे, म्हणजे पांढरी वाट, म्हणतात. कोबापासून पश्चिमेला याशुना या नगरापर्यंत जाणारा सकबे सुमारे १०० किलोमीटर लांब आहे. ओझे वाहणारे जनावर नाही, चाकाची गाडी नाही, आणि तरीही माणसांनी डोक्यापाठीवर दगड वाहून एवढा रस्ता बांधला. तेथील ४२ मीटर उंचीच्या नोहोच मूल पिरॅमिडवर आम्ही गेलो तेव्हा चढायला बंदी होती, आणि मला त्याची खंत वाटली नाही. मला तो रस्ताच पुरेसा होता. दुतर्फा चिकूची झाडे होती. काहींच्या खोडांवर चीक काढण्यासाठी पूर्वी घातलेल्या नागमोडी चिरांचे वण दिसत होते. चिकूचे मूळ घर हेच, आणि मायांच्या मंदिरांच्या दारांवरची लाकडेही याच झाडाची, हे सांगितल्यावर डहाणूचा चिकू खाऊन वाढलेल्या माझ्या पत्नीने एका खोडावर बराच वेळ हात ठेवला.

माकानशोक नावाच्या भागात गवती छपराखाली एक झिजलेली शिळा उभी आहे. तिच्यावर विश्वाच्या आरंभाची तारीख कोरलेली आहे. मायांच्या गणनेप्रमाणे ती ख्रिस्तपूर्व ३११४ येते; पण ती लिहिताना कोरणाऱ्याने नेहमीच्या पाच स्थानांवर समाधान मानले नाही. त्याने वर एकापेक्षा एक मोठ्या कालखंडांची स्थाने चढवत नेली आणि प्रत्येकात तेराचा आकडा भरला, त्यामुळे ती गणना आपल्या परार्धालाही मागे टाकील इतकी विशाल होते. आपल्याकडे संकल्पात कल्प, मन्वंतर आणि युग उच्चारून मग आजची तिथी सांगतात, त्याची मला आठवण झाली. कलियुगाचा आरंभ परंपरेने ख्रिस्तपूर्व ३१०२ मानला जातो, म्हणजे दोहोंत अवघ्या बारा वर्षांचे अंतर आहे. हा केवळ योगायोग आहे, हे मला मुद्दाम लिहावेसे वाटते, कारण माया म्हणजे आपला मयासुर आणि हे पिरॅमिड आपणच बांधले, असे संदेश आपल्या लोकांत फार फिरतात. ते लोक गूढरीत्या नाहीसे झाले म्हणणे आणि त्यांचे कर्तृत्व मुळी आपलेच म्हणणे, या दोन्हींत त्यांच्या हातचे काढून घेणे आहे.

दुपारी तळ्याजवळच्या एका लहान खानावळीत जेवायला बसलो. मागच्या अंगाला ताडपत्रांनी शाकारलेले उघडे स्वयंपाकघर होते आणि तेथे साठीची एक बाई, पांढऱ्या झग्याच्या गळ्यावर रंगीत भरतकाम केलेली, जमिनीवरच्या चुलीपाशी बुटक्या लाकडी बैठकीवर बसली होती. चूल म्हणजे तीन दगड आणि त्यांवर लोखंडी तवा. आई जेवण सोडून तिकडे गेली. एका बादलीत पिवळसर पाण्यात मका भिजत होता. आईने त्यातले चार दाणे उचलून चिमटीत चोळले, तर साल अलगद सुटून बोटांना चिकटली. तिने पाण्याचा वास घेतला आणि मला हाक मारली, "अरे, हा चुना आहे! चुन्याच्या निवळीत शिजवलाय मका."

मुलगी दुभाषी झाली. रात्री मका चुन्यात उकळून तसाच ठेवायचा, सकाळी चोळून धुवायचा आणि मग दळायचा. या रीतीने मक्यातले जीवनसत्त्व अंगी लागते. युरोपने मका नेला पण ही रीत नेली नाही, म्हणून मक्यावरच जगणाऱ्या तिथल्या गरिबांत पेलाग्रा नावाचा रोग पसरला.

बाईने पिठाचा लहान गोळा घेतला, प्लास्टिकच्या गोल तुकड्यावर ठेवला आणि उजव्या तळव्याने थापत, डाव्या हाताच्या बोटांनी कड सावरत तो फिरवू लागली. आईच्याने राहवेना. बाईने सरकून जागा दिली. आईने गोळा हातात घेतला आणि सवयीने कोरडे पीठ शोधले; ते नव्हतेच, कारण या पिठाला लागत नाही. थापून झाल्यावर तव्यावर टाकून वरून पाणी फिरवायला ती निघाली, तेव्हा बाईने हसत तिचे मनगट धरले. भाकरी अर्थातच जाड झाली होती. बाई तिच्याकडे बोट दाखवून म्हणाली, "पीम." मुलीने विचारून घेतले, तर पीम म्हणजे जाड; जाड भाकरीला त्यांच्यात हेच नाव आहे. म्हणजे आईने केले ते चुकलेले नव्हते, त्याला आधीपासून नाव होते. तिने आणखी चार पीम थापले. बिल देताना बाईने जेवणाचे पैसे घेतले, आईने थापलेल्यांचे घेतले नाहीत.

ग्वातेमालातील कीरिग्वा या प्राचीन माया नगरातील एका शिलालेखात, ख्रिस्तपूर्व ३११४ च्या त्याच आरंभाच्या दिवशी तीन दगड मांडले गेले, असे लिहिलेले आहे. ग्वातेमालातील किचे माया लोक हे चुलीचे तीन दगड आकाशात दाखवतात. आपल्या मृग नक्षत्राचे मागचे दोन पाय आणि पोटातल्या बाणाचा एक तारा मिळून त्यांचा त्रिकोण होतो आणि मधला अंधूक तेजोमेघ हा त्यांचा धूर. रात्री हॉटेलच्या वाळूवर उभे राहून मी आईला ते दाखवले. मृग तिला ठाऊकच होते. धुराचा ठिपका मात्र तिला लवकर सापडेना. नातीने तिचे बोट धरून नेमके तिकडे नेले.

आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "धूर दिसतोय म्हणजे लाकडं ओली असणार."