जे१९०० बोर्डचं अपग्रेड: आधी डिस्क, मग रॅम, आणि कधी हात लावू नये

पॅकिंग मशीन, लेबल प्रिंटिंग किंवा चेकवेयरचं (वजन तपासणाऱ्या यंत्राचं) पॅनेल उघडलं की आत बऱ्याचदा 'साडेतीन इंची' नावाने ओळखला जाणारा कॉम्प्युटर बोर्ड निघतो. त्याचं माप १४६ × १०२ मिलिमीटर असतं आणि त्यावर इंटेलचा सेलेरॉन जे१९०० बसवलेला असतो. हा २०१३ सालचा प्रोसेसर. चार कोअर, २ गिगाहर्ट्‌झ, १० वॅट, पंखा नाही. अजूनही हजारो मशिनं त्यावर चालतात आणि "स्लो झालंय, रॅम वाढवा" ही मागणी ठरलेली असते. खरा दोषी बहुतेक वेळा रॅम नसून डिस्क असते.

खरेदीआधी विंडोजचा रिसोर्स मॉनिटर अर्धा तास उघडा ठेवा. मेमरी निम्मी रिकामी आणि डिस्क सतत १०० टक्के, असं दिसलं तर रॅमवर पैसे घालू नका. ऑपरेटिंग सिस्टीम ३२ बिटची असेल तर ४ जीबीच्या वर रॅम टाकून काहीच मिळत नाही. त्यातलीही साधारण सव्वातीन-साडेतीन जीबीच वापरात येते. एम्बेडेड विंडोजमध्ये (मशीनसाठीच्या विंडोजमध्ये) राइट फिल्टर, म्हणजे डिस्कवर थेट लिहू न देणारी सोय, चालू आहे का, तेही बघा. तो चालू असेल तर दिवसभराचं सगळं लेखन रॅममधल्या ओव्हरलेमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) साठत जातं आणि तो भरला की मशीन अडकतं. तिथे उपाय साधा असतो: लॉग आणि डेटाबेस वेगळ्या, फिल्टर नसलेल्या पार्टिशनवर हलवायचे.

रॅम घ्यायचीच असेल तर डीडीआर३एल, १.३५ व्होल्टची, २०४ पिनची सो-डिम (लॅपटॉपमधली छोटी पट्टी). इथला 'एल' महत्त्वाचा आहे. साधी १.५ व्होल्टची डीडीआर३ त्याच खाचेत अगदी नीट बसते, पण बोर्ड उठत नाही, स्क्रीन काळीच राहते आणि माणूस बोर्ड गेला म्हणून बसतो. १६०० वेगाची पट्टी चालते, ती १३३३ वर धावते. प्रोसेसरची कमाल मर्यादा ८ जीबी, पण एकच स्लॉट असलेले काही बोर्ड ४ च घेतात. मॅन्युअलमधला आकडा अंतिम समजा.

आता डिस्क, म्हणजे खरं काम. जे१९०० चं साटा (डिस्क जोडायचा मार्ग) ३ गिगाबिटचं, म्हणजे सेकंदाला ३०० एमबीच्या आतच. त्यामुळे ५५० एमबी छापलेली महागडी एसएसडी घेण्यात अर्थ नाही. तोच पैसा लेखनाची सहनशक्ती, वीज जाताना डेटा सांभाळणारे कपॅसिटर आणि तापमानाची श्रेणी यांवर घाला. दुकानात मिळणारी साधी एसएसडी ० ते ७० अंशांची असते. चैत्र-वैशाखात बंद पॅनेलच्या आत ती मर्यादा फार लांब राहत नाही. इंडस्ट्रियल डिस्क उणे ४० ते ८५ अंशांपर्यंतची मिळते.

सहनशक्तीचा हिशोब कागदावर करा. समजा मशीन रोज २० जीबी लिहितं, तर वर्षाला ७.३ टीबी. ६० टीबीडब्ल्यूची (एकूण ६० टीबी लेखन सोसणारी) डिस्क वरवर आठ वर्षं पुरेल असं वाटतं. पण डेटाबेस दर सेकंदाला चार-चार केबीचे तुकडे लिहीत असेल तर डिस्कच्या आत प्रत्यक्ष लेखन तिप्पट होऊ शकतं, आणि मग ती अडीच-पावणेतीन वर्षांत संपते.

बोर्डवर एम-साटा (छोट्या कार्डासारखी एसएसडी) बसेल असा स्लॉट दिसला तरी थांबा. एम-साटा आणि मिनी पीसीआय एक्सप्रेस यांचा ५२ पिनचा कनेक्टर एकच, सिग्नल वेगळे. काही बोर्डांवर जंपर (पिना जोडणारी छोटी टोपी) किंवा बायोसमधून (बोर्डच्या मूळ सेटिंगमधून) निवड करावी लागते, काहींवर तो स्लॉट फक्त वायफाय-मोडेमसाठीच असतो. डिस्क बसते, स्क्रूही लागतो, बायोसला मात्र ती दिसत नाही.

जुनी डिस्क काढण्याआधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. हे सोडू नकाच. साटा मोड आयडीई की एएचसीआय, एलव्हीडीएस (बोर्डला थेट जोडलेल्या) स्क्रीनचं रिझोल्यूशन आणि १८ की २४ बिट, कॉम पोर्ट (सिरीयल पोर्ट) आरएस-२३२ वर की आरएस-४८५ वर, वीज परत आल्यावर आपोआप चालू व्हायचं की नाही, हे सगळं त्यात आलं पाहिजे. बोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदलताना या सेटिंग पुसल्या जाऊ शकतात आणि एलव्हीडीएस मूळ सेटिंगवर गेलं की स्क्रीन कोरी. म्हणून व्हीजीएचा एक मॉनिटर जवळ असू द्या. वायरवाला सेल असेल तर नव्या सेलच्या लाल-काळ्या वायरी जुन्याशी ताडून मगच लावा. दोन पिनांचा क्रम सगळ्यांचा सारखा नसतो. स्क्रीनच्या व्होल्टेजच्या जंपरला हात लावू नका. ३.३ च्या जागी १२ व्होल्ट गेले तर स्क्रीन जळते.

क्लोनसाठी, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नव्या डिस्कवर काढायला, क्लोनझिला हे सॉफ्टवेअर पुरतं. राइट फिल्टर आधी बंद करून एकदा रीस्टार्ट करा. नवी डिस्क जुन्यापेक्षा मोठीच घ्या. दोन कंपन्यांच्या '३२ जीबी'त सेक्टरांचा फरक असतो आणि क्लोन शेवटी अडतो. विंडोज ७ नव्या डिस्कवर निळ्या पडद्यावर ०x७बी दाखवत असेल तर बहुधा साटा मोड बदललेला आहे. मशीनचं सॉफ्टवेअर डिस्कच्या सिरीयल नंबरला बांधलेलं असेल तर क्लोन चालू होईल, पण लायसन्स मागेल. मशीन बनवणाऱ्याला हे आधीच विचारून ठेवा.

बोर्ड उघडलाच आहे तर थर्मल पॅड (प्रोसेसरची उष्णता झाकणाकडे नेणारी मऊ पट्टी) बघा. कडक झालेल्या पॅडच्या जागी पेस्ट लावू नका. प्रोसेसर आणि झाकणात १ मिलिमीटर फट असेल तर पेस्ट ती भरत नाही. जाड पॅड कोंबला तर बोर्ड वाकतो आणि चिपखालचे सोल्डर तडकतात. जुन्या पॅडच्या न दबलेल्या कडेची जाडी मोजून तेवढाच घ्या.

४जी मोडेम जोडायचा असेल तर सिमचा स्लॉट कोणत्या मिनी पीसीआय एक्सप्रेस स्लॉटला जोडलाय ते बघा, बहुधा एकालाच असतो. सिग्नल कमजोर असताना मोडेम क्षणभर ३.३ व्होल्टवर २ अँपिअरच्या आसपास ओढू शकतो. एसएमपीएस (वीज पुरवणारा सप्लाय) क्षमतेच्या काठावर असेल तर बोर्ड तेव्हाच रीसेट होतो.

एका प्रकारच्या बोर्डवर मात्र काहीच खर्च करू नये. मशीन चालू असताना ठीक, पण सुट्टीनंतर उठायला कुरकुरतं, किंवा कॉम पोर्ट अधूनमधून गायब होतात, अशी लक्षणं असतील तर दोष प्रोसेसरच्या आतला असू शकतो. या पिढीच्या चिपमध्ये एलपीसी (कमी वेगाची उपकरणं जोडणारं) सर्किट वर्षानुवर्षांच्या वापराने कमजोर होतं, हे इंटेलने स्वतः दोषांच्या यादीत नोंदवलं आहे. बोर्डवरचे कॉम पोर्ट सहसा याच मार्गावर असतात. रॅम, डिस्क, पॅड बदलून हा दोष जात नाही. ताबडतोब क्लोन घ्या आणि बदली बोर्ड मागवा. तोवर मशीन विनाकारण बंद करू नका.

काम झाल्यावर पॅनेल बंद करून पूर्ण एक शिफ्ट लोडवर चालवा, प्रत्येक कॉम पोर्टवरचं उपकरण उत्तर देतंय का पाहा. राइट फिल्टर परत चालू करा आणि मगच मेन स्विचवरून दहा वेळा वीज तोडून बघा. जुनी डिस्क पुसू नका. तारीख आणि मशीन नंबर लिहून अँटिस्टॅटिक पिशवीत त्याच पॅनेलच्या दाराला आतून लावून ठेवा.