लिस्बन चोर्ल्यापलीकडे

बेळगावची मुलगी लिस्बनला नव्याने डाव मांडते, प्रेमात पडते, अशा रॉमकॉमच्या पटकथेवर आज टिळकवाडीत बैठक झाली. बजेट अर्थातच नाही. मग चोर्ला घाट उतरून पणजीची फोंतेन्यास ही जुनी वस्ती गाठायची आणि तिलाच लिस्बन म्हणायचं! घरं पोर्तुगीज, पण फसवणूक दुसरीकडूनच उघडी पडते.

सगळ्यात आधी ऊन. डिसेंबरात भर दुपारी लिस्बनचा सूर्य जेमतेम २८ अंश वर येतो, पणजीत ५१. म्हणून बाहेरचे सीन सकाळी नऊच्या आत नाहीतर दुपारी चारनंतर घ्या, नाहीतर सावल्या आखूड पडतात. लिस्बनला गाड्या उजवीकडून चालतात. एडिटिंगमध्ये फ्रेम उलटी करू म्हणाल, तर पाट्यांची अक्षरं उलटतात आणि नायिकेचा पदर उजव्या खांद्यावर जातो! त्यापेक्षा चालती गाडी फ्रेममध्ये नकोच. उभ्या असतील त्यांच्या नंबरप्लेट झाका. खोलीतला तीन भोकांचा सॉकेटही झाका, तिकडे दोनच.

शूटिंगची सरकारी परवानगी काढलीत तरी घरमालकाला वेगळं विचारावंच लागतं. माणसं राहतात तिथे.

आणि नायक? तिला भाड्याची खोली आणि काम मिळाल्यावर आणा. आधी आणलात तर सगळं तोच सोडवतो, विनोदाला जागा उरत नाही. तिच्या बॅगेत बेळगावची मिठाई, कुंदा, मात्र हवाच.